काळ्या मातीवर लॉन करताना : कार्पेट अंथरण्याआधी जमिनीचे काय करायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या पूर्वेला, मांजरीच्या पुढे, नवा बंगला झाला आहे. घरासमोर तीस बाय पन्नास, म्हणजे दीड हजार चौरस फूट जागा मोकळी आहे आणि ती सगळी काळी माती आहे. लॉनचा ठेकेदार म्हणतो, वर तीन इंच लाल माती पसरू, त्यावर गवताचे तयार कार्पेट अंथरू, आठ दिवसांत काम संपेल. एक शेजारी वाळू मिसळा म्हणतात, दुसरे जिप्सम टाका म्हणतात. मार्च संपत आलाय आणि एप्रिलअखेरच्या वास्तुशांतीला अंगण हिरवे दिसावे अशी घरच्यांची इच्छा आहे.

उत्तर आधी सांगतो, कारणे मागून. लाल मातीचा थर टाकू नका. एप्रिलमध्ये कार्पेट मागवू नका. वास्तुशांतीला अंगणात मांडव घाला, कुंड्या मांडा, आणि जमिनीला जूनपर्यंतचा वेळ द्या. जो पैसा लाल मातीवर जाणार आहे तो खणाईवर, शेणखतावर आणि पाणी बाहेर काढण्यावर घाला. पुणे, दौंड, बारामती, नगर, सोलापूर या पट्ट्यात चोवीस वर्षे बागांची कामे करतोय. काळ्या मातीवरची जी लॉन पहिल्या दोन पावसाळ्यांत गेलेली पाहिली, ती जवळजवळ सगळी घाईने अंथरलेली होती.

आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. घर पांढरीत बांधायचे आणि काळीत फक्त पेरायचे, असा तो हिशेब होता, कारण काळी हलते. बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीत चिकणमातीचे प्रमाण फार, आणि ती चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत त्याच जागी चिखलात चप्पल रुतून बसते. आता आपण काळीतच घरे बांधतोय, अंगणही तिथेच करतोय. मग तिचे हे हलणे गृहीत धरूनच काम करावे लागते.

आता त्या तीन इंच लाल मातीचे बघू. घाटाकडून येणारी लाल माती फुगत नाही, पाणी लवकर आत घेते, हाताला मऊ लागते. तीच खाली घट्ट, न खणलेल्या काळ्या मातीवर पसरली की काय होते? पावसाचे पाणी तीन इंच सरसर उतरते आणि काळ्या मातीच्या पाठीवर येऊन थांबते. परातीत भिजवलेल्या पोह्यांसारखी वरची माती फुगून बसते. मुळे त्या सांध्यापर्यंत येतात आणि तिथेच आडवी पसरतात, खाली शिरत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये मुळे कुजतात, पिवळे डाग पडतात, शेवाळ येते. उन्हाळ्यात उलटे होते. तीन इंचांतले पाणी दोन दिवसांत संपते, खालची काळी माती तडकते आणि तिच्याबरोबर वरची हिरवळही फाटते. मी अशा लॉनचे कार्पेट सतरंजीसारखे गुंडाळून उचललेले आहे. खाली एकही मूळ काळ्या मातीत गेलेले नव्हते, अंथरून दीड वर्ष झाले होते तरी.

वाळूचा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण हिशेब करून बघा. वरची सहा इंच माती सुधारायची तर दीड हजार फुटांत ती साडेसातशे घनफूट, म्हणजे साडेसात ब्रास भरते. मातीचा पोत खरोखर बदलायचा तर निदान तेवढीच वाळू लागेल. एवढी आणली तर अंगण अर्धा फूट वर येऊन व्हरांड्याला लागेल. प्रत्यक्षात लोक एक ब्रास आणतात. तो सगळीकडे पसरला तर पाऊण इंचाचा थर होतो, आणि चिकणमातीत कमी वाळू मिसळली की वाळूचे कण चिकणमातीत गच्च बसतात. वाळल्यावर वीट होते. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी हेच केले होते. पुढच्या मे महिन्यात तिथे पहार आत जाईना, आणि ती जागा पुन्हा खणायचा खर्च मी स्वतः सोसला. तेव्हापासून काळ्या मातीत वाळू मिसळायची नाही हे ठरलेले आहे. वाळू लागते, पण नंतर, कार्पेटच्या सांध्यांत भरायला.

जिप्समचे उत्तर तुमच्या मातीवर अवलंबून आहे. जमीन चोपण असेल, म्हणजे मातीत सोडियम जास्त असेल, तर जिप्सममधला कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेतो, सोडियम पाण्याबरोबर खाली धुऊन जातो आणि माती मोकळी होते. साध्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच भरपूर असते. तिथे जिप्समने दिसण्याजोगा फरक पडत नाही. तुमची बाजू मुठा उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातली आहे, वर्षानुवर्षे उसाला पाणी दिलेली रानं आहेत, म्हणून तपासून घ्या. घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ घ्या, काचेच्या पेल्यात आरओचे किंवा पावसाचे पाणी घ्या, ढेकूळ अलगद आत सोडा आणि पेला न हलवता रात्रभर ठेवा. ढेकूळ नुसते फुटून खाली बसले आणि पाणी स्वच्छ राहिले, तर जिप्सम नको. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग पसरला, तर जमीन चोपणाकडे झुकलेली आहे. सोबत मातीचा नमुना शासकीय मृदा चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या. सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे आपल्याला पुरेत. सामू साडेआठच्या वर गेला तर जिप्समचे प्रमाण त्यांच्याकडूनच लिहून घ्या. बोअरचे पाणी देणार असाल तर त्याचीही बाटली द्या, कारण मचूळ पाण्याने चांगली केलेली जमीनही परत बिघडते.

सगळ्यात आधी मात्र एक खड्डा घ्या. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल. पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि दुसऱ्या वेळी तासाला पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. पहिल्यांदा पाणी भेगांतून पळते, म्हणून पहिले माप धरायचे नाही. तासाला अर्ध्या इंचाहून कमी उतरले तर नुसत्या खणाईने भागणार नाही, चर काढावे लागतील. तोच खड्डा एका कोपऱ्यात आणखी खोल नेऊन मुरूम किती फुटांवर लागतो तेही बघा. तीन-चार फुटांवर मुरूम असेल तर काम सोपे आहे, पाण्याला खाली जायला जागा आहे. खणताना सिमेंटचे गठ्ठे, प्लास्टरचे तुकडे, विटांचा चुरा निघेल. नव्या घराच्या अंगणात तो असतोच आणि बांधकामाच्या गाड्यांनी जमीन दगडासारखी दाबलेली असते. राडारोडा हाताने वेचून बाहेर काढायचा, पुरायचा नाही.

आता पाण्याची वाट. लॉनचे अर्धे यश इथे आहे आणि ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात ही ओळच नसते. उतार घरापासून दूर हवा, दर दहा फुटांना दोन इंच. पन्नास फुटांत तो दहा इंच होतो. डोळ्याला खटकत नाही, पण पाणी चालू लागते. गवंडी पाण्याची नळी धरून लेव्हल घेतात तशी घ्या, नजरेवर विसंबू नका. आणि हा उतार खालच्या मातीलाच द्यायचा. खाली खोलगट ठेवून वरची माती तेवढी उताराला लावली, तर पाणी आतल्या खळग्यात साठते आणि वरून काहीच कळत नाही. कंपाउंडची भिंत उताराच्या टोकाला असेल तर तिच्या तळाशी पाणी बाहेर जायला भोके आहेत का ते बघा. नसतील तर पाडून घ्या.

खड्ड्याची परीक्षा नापास झाली असेल तर उताराच्या खालच्या बाजूला आडवा चर घ्या, फूटभर रुंद, दीड ते दोन फूट खोल. आत जिओ फॅब्रिक अंथरा, थोडी खडी, त्यावर चार इंची छिद्रांचा पाईप, पुन्हा वीस एमएमची खडी, कापड वरून दुमडून घ्या आणि वरचे सहा इंच मातीने भरा. कापड चुकवू नका, चिकणमाती दोन वर्षांत खडीची तोंडे बुजवते. पाईपचे टोक पावसाळी गटारात किंवा मुरमापर्यंत नेलेल्या शोषखड्ड्यात सोडा. टोक कुठेच न सोडलेला चर म्हणजे जमिनीखालचे डबके.

इथेच घराबद्दल एक सांगतो, कारण यात झालेले नुकसान लॉनपेक्षा फार महाग पडते. घराच्या भिंतीला लागून लॉन आणू नका. काळी माती एका बाजूला रोज ओली आणि घराखाली कोरडी राहिली की ती सगळीकडे सारखी फुगत नाही. मग जोत्याभोवतीचा कोबा उचलला जातो आणि भिंतींना तिरके तडे जातात. भिंतीपासून तीन फूट फरशीचा पक्का पट्टा ठेवा, लॉन त्याच्यापुढे सुरू करा, स्प्रिंकलरचे तोंडही घराकडे नको.

खणाईची वेळ हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. शेतकरी काळ्या रानाची नांगरट उन्हाळ्यात करतो, ढेकळे मोठी निघाली तरी फोडत बसत नाही. महिना-दीड महिना ती उन्हात तापतात, आणि पहिला वळीव पडला की कडक वाळलेले ढेकूळ पाणी पिऊन आपोआप विरघळते, बारीक रवाळ माती होते. कुदळीने चार माणसे चार दिवसांत करणार नाहीत ते काम ऊन आणि एक पाऊस करतो. तुमच्याकडे एप्रिल-मे हातात आहेत, ही नशिबाची गोष्ट आहे. जागा कोरडी असतानाच आठ ते नऊ इंच खणून घ्या. टिकावाने जमत नसेल तर दात असलेल्या बकेटचा जेसीबी लावा, पण तो मागे मागे सरकत आला पाहिजे. खणलेल्या भागावर चाक फिरले की केलेले वाया. ढेकळे तशीच उताणी पडू द्या. ती दिसायला वाईट दिसतात आणि घरचे नाराज होतात, हे मला माहीत आहे. तरी महिनाभर त्यांना हात लावू नका.

एक नियम कटाक्षाने पाळा: ओल्या काळ्या मातीत काम करायचे नाही. खणायचे नाही, रोटाव्हेटर घालायचा नाही, रोलर फिरवायचा नाही, नुसते चालायचेही नाही. वाफसा, म्हणजे काम करण्याजोगी बेताची ओल, आला का ते असे बघा. तीन-चार इंच खालची मूठभर माती घेऊन दाबा, गोळा होईल. अंगठ्याने टोचा. गोळा भुसभुशीत फुटला तर वाफसा आहे. अंगठ्याचा ठसा उमटून गोळा तसाच राहिला तर अजून दोन दिवस थांबा. क्रिकेटची खेळपट्टी करणारे काळी माती मुद्दाम वापरतात, कारण योग्य ओलीत रोलर फिरवला की ती दगडासारखी बसते. त्यांना जे हवे असते ते आपल्या लॉनखाली अजिबात नको आहे. रोटाव्हेटरचा आणखी एक तोटा म्हणजे तो ठरावीक खोलीवर पाती घासत जातो आणि ओल्या मातीत तिथे गुळगुळीत तवा तयार करतो. वर भुसभुशीत, खाली तवा. लाल मातीच्या थरासारखाच प्रकार.

मेअखेर किंवा पहिल्या वळवानंतर वाफसा आला की शेणखत. दोन इंच थर, म्हणजे तुमच्या जागेला अडीच ब्रास. आकडा मोठा वाटेल, पण काळ्या मातीचे कण एकमेकांपासून सुटे धरून ठेवण्याचे काम सेंद्रिय खतच करते. शेणखत वर्षभर कुजलेले, काळे, वास न येणारे घ्या. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी येते आणि ती मुळे खाऊन लॉन चटईसारखे सुटे करते. तुमच्या भागात साखर कारखान्यांचे प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, मिळते, तेही पूर्ण कुजलेले असेल तर उत्तम. अर्धे ते, अर्धे शेणखत चालेल. सोबत सात-आठ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पंधरा ते वीस किलो निंबोळी पेंड. हे सगळे वरच्या सहा इंचांत नीट मिसळा. थर दिसता कामा नये. लाल माती किंवा पोयटा आधीच घेऊन ठेवला असेल तर तोही फेकू नका, इंच-दीड इंच पसरून याच वेळी काळ्या मातीत मिसळून टाका. मिसळलेली लाल माती उपयोगी आहे. तक्रार तिच्या वेगळ्या थराबद्दल आहे.

तण. काळ्या रानात लव्हाळा असतोच. त्याच्या गाठी फूटभर खोल असतात आणि प्रत्येक गाठ नवा लव्हाळा देते. रोटाव्हेटर त्या गाठी आणि हरळीच्या काशा कापून सगळीकडे पसरवतो, म्हणून खणतानाच त्या हाताने वेचा, उन्हात वाळवा, बाहेर टाका. खत मिसळल्यावर जागा भिजवा, आठ-दहा दिवसांत जे उगवेल ते गाठीसकट काढा, परत भिजवा, परत काढा. निदान दोन वेळा, जमले तर तीन. कार्पेटखाली गेलेला लव्हाळा वर्षानुवर्षे कार्पेट भोसकून वर येत राहतो.

तुम्हाला सप्टेंबरपर्यंत थांबायची तयारी असेल, तर माझी मनापासूनची शिफारस वेगळी आहे. जूनमध्ये सगळीकडे ताग पेरा. एवढ्या जागेला किलोभर बी पुरते. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, फुले दिसू लागली की उघडीप बघून वाफशावर कापून मातीत गाडा. तागाची मुळे काळ्या मातीत जिथवर जातात तिथवर कुदळ जात नाही, आणि कुजल्यावर त्याच वाटांनी गवताची मुळे उतरतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात कार्पेट टाका, थंडी पडायच्या आधी महिना-दीड महिना वाढीचा मिळतो. माझ्या हातची सगळ्यात चांगली लॉन याच पद्धतीने झालेली आहेत. ज्यांनी ऐकले ते थोडे आहेत, कारण अंगणात तीन महिने ताग बघत बसायला धीर लागतो.

धीर नसेल तर जूनचा दुसरा पंधरवडा. पावसाचा एक जोर होऊन गेला पाहिजे, माती बसली पाहिजे आणि वाफसा आला पाहिजे. मोकळी केलेली माती इंचभर तरी खाली बसते. ती बसल्यावर दाताळ्याने शेवटची लेव्हल करा आणि फरशीच्या कडेपेक्षा इंचभर खाली ठेवा, म्हणजे कार्पेट आल्यावर बरोबर होईल. पाय ठेवल्यावर टाच अर्धा इंच रुतावी, त्याहून जास्त रुतली तर हलका रोलर, तोही वाफशावरच. कार्पेट उरुळी-सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांतून येणार असेल तर ते कोणत्या मातीवर वाढवले आहे ते विचारा. मुळांखाली जाड लाल माती चिकटलेली असेल तर झटकून पातळ करा. जात म्हणाल तर उन्हाच्या अंगणात सिलेक्शन वन काळ्या मातीशी चांगले जुळवून घेते आणि मुलांचे खेळणेही सोसते. कोरियन कार्पेट सुंदर दिसते, पण पाणी साचले की लवकर रुसते. तुमच्या जागेला मी ते देणार नाही.

अंथरताना मातीवर उभे राहायचे नाही, फळ्या टाकून त्यांवरून काम करायचे. सांधे विटांसारखे चुकवून, कडा एकमेकींना भिडवून लावा आणि फटींत चाळलेले गांडूळखत व क्रश सँड निम्मे-निम्मे भरा. वाळूचे काम आले ते इथे.

पाणी पहिले दोन आठवडे पाऊस नसेल तर रोज, नंतर हळूहळू अंतर वाढवत न्या. काळी माती पाणी सावकाश पिते, म्हणून स्प्रिंकलर सलग अर्धा तास चालवला तर निम्मे पाणी गटारात जाते. दहा मिनिटे द्या, अर्धा तास थांबा, परत दहा मिनिटे द्या. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा. सहा इंच सहज गेला तर आज पाणी नको. पहिल्या वर्षी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर युरियाचा मारा करू नका. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, त्याचे ते लक्षण आहे. लिटरला पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) संध्याकाळी फवारा, आठवड्यात रंग परततो. फरशीवर थेंब पडले तर लगेच धुवा, गंजाचे डाग जात नाहीत.

पुढच्या मे महिन्यात कुठे कुठे बारीक भेगा दिसतीलच, एवढे करूनही. त्या पाण्याने बुजवायचा प्रयत्न करू नका. गांडूळखत आणि क्रश सँडचे तेच चाळलेले मिश्रण भेगांत झाडूने लोटत जा, भरेल तेवढे. पावसात माती फुगली की ते आतच राहते. सलग दोन-तीन उन्हाळे असे केले की भेगा जातात तितक्या खोलीपर्यंत खत पोचलेले असते. आत्ता या आठवड्यात करायची कामे तीनच आहेत: खड्डा, पेल्यातले ढेकूळ आणि मातीचा नमुना. खड्ड्यातले पाणी तासाला किती उतरले आणि मुरूम किती फुटांवर लागला ते मला कळवा, चर कुठून काढायचा ते त्यावरून सांगतो.